पाचशे वर्षांची चिंच: जुन्या झाडाचे वय आणि त्याची नोंद

प्रश्न चोपडा तालुक्यातील एका गावातून आला आहे. गावाच्या शिवेवर, रस्त्याला लागून एक मोठी चिंच आहे आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर पार बांधलेला वड आहे. चिंच पाचशे वर्षांची आणि वड तिच्याहून जुना, असे गावातील जाणती मंडळी सांगतात. रस्त्याच्या रुंदीकरणाची चर्चा सुरू झाल्यापासून प्रश्नकर्त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. या झाडांचे खरे वय कसे सिद्ध करायचे, ही पहिली. आणि ‘वारसा वृक्ष’ म्हणून त्यांची नोंद कोणत्या कार्यालयात होते, ही दुसरी. खानदेशातील जुन्या झाडांची मोजमापे घेण्यात आणि नोंदी ठेवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडून विचारले आहेत, म्हणजे आधी वय सिद्ध व्हावे आणि मग नोंद व्हावी, असा आपला क्रम आहे. माझ्या मते हा क्रम उलटा केला पाहिजे. चिंच पाचशे वर्षांची आहे हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तिच्या संरक्षणासाठी ते आवश्यकही नाही. कोणत्याही कार्यालयात टिकते ती अशी नोंद, जी पाहून दुसरा माणूस दहा वर्षांनी त्याच झाडापाशी उभा राहील, त्याच उंचीवर टेप लावेल आणि आपले माप तपासू शकेल. झाड कोणते, नेमके कोठे, किती घेराचे, कोणाच्या जागेत आणि किमान केव्हापासून तेथे उभे आहे, या पाच गोष्टी पुराव्यानिशी लिहिता येतात. ‘नेमके किती वर्षांचे’ याचे उत्तर बहुतेक वेळा अंदाजच राहते. ‘किमान इतक्या वर्षांचे’ हे मात्र कागदाने दाखवता येते. आपली सगळी मेहनत या दुसऱ्या विधानावर लावावी.

वयाबाबतची अडचण आधी समजून घेऊ. खोडातील वर्तुळे मोजून वय काढतात हे शाळेत शिकवले जाते, आणि थंड हवामानातील झाडांच्या बाबतीत ते बरोबर आहे. आपल्याकडील बहुतेक झाडांत वर्षाला एक स्पष्ट वर्तुळ, अशी शिस्त नसते. सागाची वर्तुळे चांगली उमटतात आणि त्यांवरून जुन्या पर्जन्यमानाचाही अभ्यास झालेला आहे. पण वड, पिंपळ, चिंच, आंबा यांच्या बाबतीत त्या मोजणीवर विसंबता येत नाही. दुसरे असे, की खरोखर जुन्या झाडाचा गाभा बहुधा कुजून पोकळ झालेला असतो, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांचा पुरावाच नाहीसा झालेला असतो. त्यामुळे कोणी गिरमिटासारखे यंत्र लावून नमुना काढून देतो असे म्हटले, तर या दोन झाडांपुरते तरी नाही म्हणावे. हाती काही लागणार नाही आणि झाडाला कायमची जखम मात्र होईल. रुंदीकरणात किंवा वादळात आधीच पडलेले त्याच जातीचे झाड जवळपास असेल, तर त्याच्या कापलेल्या बुंध्याचा घेर, पोकळीची रुंदी आणि गाभ्याचा रंग जरूर नोंदवून ठेवावा. ती माहिती पुढे तुलनेला उपयोगी पडते.

घेरावरून वय काढण्याची पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत जास्त फसवते. इंटरनेटवर एखाद्या जातीसाठी वर्षाला अमुक सेंटीमीटर असा आकडा सापडतो आणि त्याने घेराला भागले की वय निघाले, असे वाटते. झाड तरुणपणी भराभर जाड होते आणि पुढे त्याची वाढ मंदावत जाते, त्यामुळे सरळ भागाकाराने जुन्या झाडाचे वय कमी निघण्याचा संभव असतो. उलट पाणी मिळालेल्या झाडाचे वय त्याच भागाकाराने भलतेच जास्त निघते. खानदेशात हा फरक फार मोठा आहे. पांझरेवरील फड पद्धतीच्या, म्हणजे बंधाऱ्यावरून सामूहिक सिंचन करणाऱ्या, पाटाला लागून उभे असलेले झाड, रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या बांधावरचे झाड आणि लळिंगच्या परिसरातील मुरमाड उतारावरचे झाड, ही तिन्ही एकाच जातीची आणि एकाच वयाची असली तरी त्यांचे घेर एकमेकांजवळपासही नसतात. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीचे आणखी वेगळे आहे. तेथे ओल भरपूर असते, पण उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पडतात आणि मुळे ताणली जातात.

म्हणून बाहेरचा आकडा न वापरता आपल्याच परिसरातील मापकाठी तयार करावी. गावात किंवा शेजारच्या गावात, तशाच जमिनीत, लागवडीचे वर्ष नक्की माहीत असलेली चिंचेची झाडे शोधावीत. शाळेच्या आवारातील, जुन्या वसाहतीतील किंवा एखाद्या समारंभात लावलेल्या झाडांची वर्षे बहुधा कोणाला तरी माहीत असतात. समजा, साठ वर्षांपूर्वी लावलेल्या चिंचेचा घेर आज १८० सेंटीमीटर आहे. मग वर्षाला सरासरी तीन सेंटीमीटर झाले. आपल्या चिंचेचा घेर ५४० सेंटीमीटर असेल तर साधा भागाकार १८० वर्षे सांगतो, आणि वाढ मंदावते हे लक्षात घेतले तर खरे वय त्याहून बरेच जास्त असू शकते. यापुढे मी जात नाही. नोंदीत ‘स्थानिक तुलनेवरून अंदाजे दोनशे वर्षे किंवा अधिक’ असे लिहितो आणि अंदाज कशावरून केला तेही शेजारी लिहितो. एकाऐवजी तीन-चार ज्ञात वयाची झाडे मिळाली तर अंदाज अधिक भरवशाचा होतो.

जातीचा स्वभावही पाहावा लागतो. अंजन हे खानदेशचे खास झाड. खडकाळ जमिनीतही मुळे खोल नेणारे, अतिशय कठीण लाकडाचे आणि सावकाश वाढणारे. मध्यम घेराचा अंजन वयाने शेजारच्या दुप्पट जाड निंबापेक्षा मोठा असू शकतो. याच्या अगदी उलट उदाहरण वर्षावृक्षाचे, ज्याला आपण रेन ट्री म्हणतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेकडील असून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आला. काही दशकांतच त्याचा बुंधा दोघा-तिघांच्या कवेत मावेनासा होतो, आणि मग त्यालाही लोक दोनशे-तीनशे वर्षांचा ठरवतात, जे शक्यच नाही. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या उत्तरेस मांडूला गेलेल्यांनी गोरखचिंचा पाहिल्या असतील. तिचे लाकूड हलके आणि पाणी साठवणारे असते, दुष्काळात तिचा घेर चक्क कमी होतो आणि अनेकदा कित्येक खोडे एकत्र वाढून एक झालेली असतात. आफ्रिकेतील गोरखचिंचांची वये त्यामुळेच घेरावरून न काढता कार्बन पद्धतीने ठरवावी लागली.

घेरापेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात ते आजूबाजूचे पुरावे, कारण ते वयाला वरची आणि खालची मर्यादा घालतात. किल्ल्याच्या तटात किंवा देवळाच्या शिखरावर उगवलेला पिंपळ त्या बांधकामापेक्षा जुना असू शकत नाही. ही वरची मर्यादा. भुसावळपर्यंत रेल्वे १८६० च्या दशकात आली, तेव्हा स्टेशनच्या आवारात ओळीने लावलेली झाडे त्याआधीची नसणार. हीही वरची मर्यादा. खालची मर्यादा दाखवणारे पुरावे कमी सापडतात, पण ते फार मोलाचे असतात. अमळनेर तालुक्यात एका जुन्या मोटेच्या विहिरीवर मी अशी खूण पाहिली आहे. विहिरीचे घडीव दगडाचे थारोळे, म्हणजे मोटेचे पाणी ज्यात ओतले जाते ते कुंड, एका बाजूने सरळ येते आणि चिंचेच्या बुंध्यापाशी येऊन वळसा घेते. वळणावरचे दगड मुद्दाम गोलाई देऊन घडवलेले आहेत, त्यांच्या सांध्यांतील चुना मूळचा आहे आणि मुळांनी उचललेला एकही दगड तेथे नाही. थारोळे बांधणाऱ्याने समोर असलेले झाड वाचवले, एवढे त्या दगडांवरून कळते. त्या विहिरीचा काळ कागदावरून ठरला की चिंच त्याहून जुनी हे ठरते. आपल्या चिंचेजवळ जुनी विहीर, बांध, समाधी, पायऱ्या किंवा सीमेचा दगड असेल, तर त्याचा आणि झाडाचा संबंध बारकाईने पाहावा. बांधकाम झाडाला वळसा घालते की झाडाने बांधकाम फोडले आहे, यावरून कोण आधीचे ते कळते.

आता ‘जुने झाड’ म्हणजे काय, हेही स्पष्ट केले पाहिजे. ब्रिटनमध्ये अशा झाडांची राष्ट्रीय सूची ठेवली जाते आणि तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या मानतात: आपल्या जातीच्या मानाने खरोखर फार वय झालेले झाड, आणि वय तितके नसले तरी म्हातारपणाची लक्षणे अंगावर बाळगणारे झाड. हा भेद आपल्याकडेही उपयोगाचा आहे, कारण खानदेशात झाडे अकाली जुनी दिसण्याची कारणे पुष्कळ आहेत. गुरांच्या चाऱ्यासाठी अंजनाच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात, त्यामुळे बुंधा आखूड, गाठाळ आणि वयापेक्षा थोराड दिसतो. सातपुड्यातील मोहाचे वेगळे आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून फाल्गुन-चैत्रात झाडाखालचा पाला जाळतात. दरवर्षी त्याच बाजूला पाला साचतो, त्याच बाजूला आग बुंध्याला चाटते आणि तेथे जमिनीपासून गुडघ्या-कंबरेपर्यंत त्रिकोणी ढोली तयार होते. तिच्या कडा पाहिल्या तर जिवंत साल जाड ओठासारखी आत वळलेली दिसते आणि हात घातला तर आतल्या भिंतीवर कोळशाचा थर लागतो. ही ढोली आगीची आहे, वयाची नाही, आणि नोंदीत तसेच लिहिले पाहिजे. मोहाच्या बाबतीत एक गोष्ट मदतीला येते. कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, त्यामुळे आजोबांच्या काळापर्यंतची साक्ष सहज मिळते.

वयाची खरी लक्षणे कोणती, हे जातीगणिक बदलते. तरी काही सर्वसाधारण आहेत. शेंड्याकडच्या जाड फांद्या वाळून झाडाचा विस्तार खाली उतरलेला असणे, जुन्या फांद्या गळून पडलेल्या जागी मोठ्या ढोल्या असणे, बुंधा पोकळ असूनही भोवतीचे कवच सजीव असणे, मुख्य फांदीवर आळंबीचे कडक कंस दिसणे, ही त्यांपैकी काही. शेंडा वाळलेला दिसला की ‘झाड मेले, काढून टाका’ असे म्हटले जाते, आणि रुंदीकरणाच्या याद्यांत असे झाड ‘वाळलेले’ म्हणून लिहिले जाते. खालचा विस्तार हिरवा असेल तर ते मरणारे झाड नव्हे. मिळणाऱ्या पाण्याला झेपेल इतकाच पसारा ठेवून ते आणखी कित्येक दशके जगू शकते. पोकळ बुंध्याबद्दलही तोच गैरसमज आहे. गाभा हे मृत लाकूड असते आणि पाणी-अन्नाची ने-आण बाहेरच्या थरांतून चालते, त्यामुळे गाभा गेला म्हणून झाड जात नाही. फांदी पडण्याचा धोका खरा असतो आणि रस्त्याच्या बाजूची एखादी जड फांदी हलकी करावी लागू शकते, पण त्यासाठी पूर्ण झाड पाडणे हा उपाय नव्हे.

या ढोल्या का महत्त्वाच्या आहेत याचे उदाहरण खानदेशातच आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीलायक आढळला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पुन्हा सापडला. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो. राखी धनेश, पोपट, पिंगळा यांनाही ढोल्याच लागतात, आणि पन्नास-साठ वर्षांच्या तरण्या झाडात तशा ढोल्या क्वचितच असतात. म्हणून नोंदीत ढोल्यांची संख्या, उंची, दिशा आणि त्यात कोण राहते हे जरूर लिहावे. आग्या मोहोळ असेल तर तेही लिहावे आणि त्या दिवशी बुंध्यावर ठोकाठोक करू नये.

प्रत्यक्ष मोजणी करताना शिवणकामाचा टेप पुरत नाही आणि सुताची दोरी ताणली जाते. दहा मीटरचा फायबरचा टेप घ्यावा. वनखात्याच्या प्रथेप्रमाणे घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. ब्रिटनच्या सूचीत ही उंची १.५ मीटर आहे, म्हणून तेथील आकड्यांशी थेट तुलना करू नये. बरोबर १.३७ मीटरची एक काठी कापून घ्यावी आणि ती बुंध्याला टेकवून खडूने खूण करावी. उतारावर असल्यास काठी चढाच्या बाजूला लावावी. झाड कललेले असेल तर टेप खोडाला काटकोनात धरावा, जमिनीला समांतर नव्हे. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या खाली जेथे बुंधा सर्वांत बारीक आहे तेथे मोजावे आणि ती उंची लिहावी. उंची न लिहिलेले माप पुढच्या माणसाच्या काहीही उपयोगाचे नाही, हे मी फार आग्रहाने सांगतो. चिंचेच्या जुन्या बुंध्याला खोल खाचा असतात. टेप खाचांत न दाबता त्यांच्यावरून सरळ ताणावा आणि तसे केल्याचे नमूद करावे. पुतळ्यासारखी चुना-गेरूची रंगरंगोटी, खिळे, पाट्या, जुन्या तारा हे सगळे टेपच्या वाटेत येते. गुंडाळलेले सूत श्रद्धेचे असते, ते तोडू नये; टेप त्याच्या वर किंवा खाली लावावा.

वडाच्या बाबतीत पाराचा प्रश्न येईल. पार बांधताना आत माती भरली जाते, त्यामुळे मूळ जमीन झाकली जाते. समजा, पार ७० सेंटीमीटर उंच आहे, तर मूळ जमिनीपासूनची १.३७ मीटर उंची पारावरून ६७ सेंटीमीटरवर येते. मी पाराची उंची, टेप पारावरून किती उंचीवर लावला ते आणि घेर, हे तीन आकडे लिहितो, म्हणजे पुढे पार वाढवला किंवा फोडला तरी हिशेब लागतो. शिवाय वडाला एकच बुंधा गृहीत धरू नये. वड आणि पिंपळ अनेकदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पक्ष्यांनी टाकलेल्या बीपासून उगवतात, खाली मुळे सोडतात आणि मूळ झाडाला कवटाळून टाकतात. ते झाड मरून कुजले की मधली पोकळी उरते, जी वडाच्या वयाबद्दल काहीच सांगत नाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचा मुख्य बुंधाच कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढावा लागला आणि ते झाड आज पारंब्यांवर उभे आहे. तेथे बुंध्याचा घेर कोणता सांगणार? वडासाठी मी विस्ताराची रुंदी पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर अशी दोन्ही दिशांना मोजतो, जमिनीत रुजलेल्या जाड पारंब्या मोजतो आणि मुख्य बुंधा असेल तरच त्याचा घेर वेगळा देतो.

जागेची नोंद मोबाईलवरून होते. अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीने, पाच स्थळांपर्यंत घ्यावेत. दाट सावलीखाली मोबाईलची चूक पाच-दहा मीटरची असू शकते, म्हणून जवळच्या पक्क्या खुणेपासूनचे अंतर टेपने मोजून दिशेसह लिहावे. रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर आपल्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण रुंदीकरणाचा नकाशा त्याच रेषेवरून आखला जातो. फोटो चारही दिशांनी, बुंध्याजवळ माणूस किंवा ती काठी उभी करून काढावेत. बांधकाम विभागाने रस्त्याकडेच्या झाडाला क्रमांक घातला असेल तर त्याचा जवळून फोटो घ्यावा.

आता पुराव्यांकडे येतो. वयस्क मंडळींना ‘झाड किती जुने’ असे विचारले की पाचशे-सातशे हेच आकडे येतात, आणि त्यांचा अर्थ ‘आमच्या माहितीपलीकडचे’ एवढाच असतो. त्याऐवजी प्रसंगाला धरून विचारावे. १९७२ च्या दुष्काळात या चिंचेची सावली एवढीच होती का, रस्त्याच्या खडीच्या कामावरची माणसे तिच्याखाली बसत का, आपल्या वडिलांनी तिच्याविषयी काय सांगितले, ढोली तेव्हा होती का. प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे, त्यांचे जन्मवर्ष लिहावे आणि सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, अहिराणीत सांगितले तर अहिराणीत, उतरवावे. दोन माणसांच्या स्वतंत्र आठवणी जुळल्या की तो चांगला पुरावा होतो.

कागद बरेच असतात, शोधावे मात्र लागतात. जुन्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत आंब्या-चिंचेच्या झाडांचा हिस्सा वेगळा लिहिलेला सापडतो. भूमी अभिलेख कार्यालयातील टिपण (जमिनीच्या मोजणीचा मूळ आराखडा) आणि गटाचा नकाशा झाड नेमके कोणाच्या हद्दीत आहे हे सांगतो. जुन्या भूमापन नकाशांवर ठळक एकट्या झाडांच्या खुणा असतात. घरोघरच्या लग्नाच्या आणि शाळेच्या फोटोंत मागे झाड उभे असते. यांखेरीज अमेरिकेच्या ‘कोरोना’ या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि ती इंटरनेटवर पाहता येतात. त्यांतील चांगल्या चित्रांत दोन-तीन मीटरपर्यंतचा तपशील कळतो. वीस-तीस मीटर पसरलेल्या वडाचा गोल, काळ्या शेतांच्या मधोमध किंवा रस्त्याच्या कडेला, त्यांत ओळखू येतो. आपल्या गावाचे असे चित्र मिळाले आणि त्याच जागी मोठा विस्तार दिसला, तर झाड पन्नास वर्षांहून निश्चितच जुने आहे हे एका कागदावर दाखवता येते.

पन्नास वर्षांचा उल्लेख मी मुद्दाम केला. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. अशा झाडाची तोड अटळ ठरली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही त्यात आहे. म्हणजे कायद्यालाही पाचशे वर्षांचा पुरावा नको आहे. मात्र हा कायदा नागरी क्षेत्रांना, म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद यांच्या हद्दीला लागू होतो. आपले गाव ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर त्याच्या आधारे अर्ज करून उपयोग होणार नाही. त्यामुळे येथून पुढचे सगळे जागेवर अवलंबून आहे.

ग्रामीण भागासाठी १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा राज्य कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतील जातींचे झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्या अनुसूचीत चिंच, आंबा, मोह, जांभूळ, साग, अंजन यांचा समावेश आहे. आपली चिंच त्यात येते. झाड खाजगी गटात आहे, गावठाणात आहे की रस्त्याच्या हद्दीत आहे, यावर अर्ज कोणाकडे करायचा ते ठरेल, आणि म्हणूनच आधी भूमी अभिलेखाचा नकाशा घ्यावा असे सुचवतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतील झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी या दोन्हींकडे लक्ष द्यावे.

दोन्ही झाडांना सारखाच लागू होणारा मार्ग जैवविविधता कायदा, २००२ चा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ गावांत ती एकदा तयार होऊन कपाटात पडलेली असते. ती मागवून घ्यावी. वर सांगितलेली मापे, फोटो, साक्षी आणि कागद यांची दोन पानी नोंद करून ती ग्रामसभेत ठेवावी, ठरावाने नोंदवहीत समाविष्ट करून घ्यावी आणि ठरावाची प्रत तहसीलदार, वनक्षेत्रपाल आणि बांधकाम विभागाच्या उपविभागाला पोच घेऊन द्यावी. याच कायद्याखाली राज्य शासन जैवविविधता वारसा स्थळे घोषित करते आणि जळगावचे लांडोरखोरी हे त्यांपैकी एक आहे. दोन झाडांसाठी तितक्या मोठ्या घोषणेची अपेक्षा धरू नये, पण नोंदवहीतील ठराव हा अधिकृत कागद आहे आणि तो संयुक्त पाहणीच्या वेळी समोर ठेवता येतो. ही पाहणी केव्हा आहे याची चौकशी करून तेथे हजर राहावे. बाधित झाडांच्या यादीत आपल्या झाडांची जात, घेर आणि ‘सजीव’ हा शेरा बरोबर लिहिला जातो का ते पाहावे. यादी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी. रेषा काही मीटर सरकवण्याची मागणी नकाशा कागदावर असतानाच करायची असते.

दरम्यान एका गोष्टीपासून झाडाला जपावे. जुन्या झाडाचा गौरव म्हणून गावकरी उत्साहाने नवा सिमेंटचा पार बांधतात, फरशी बसवतात आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट नेतात. त्यामुळे मुळांचे पाणी आणि हवा तुटते, आणि त्याचा परिणाम चार-पाच वर्षांनी शेंडा वाळू लागल्यावर दिसतो. निधी मिळालाच तर विस्ताराखालची जमीन मोकळी ठेवून बाहेरून दगडी कठडा करावा आणि वाहने आत येऊ देऊ नयेत. नोंद जाहीर करतानाही थोडा विवेक ठेवावा. आपल्या रस्त्याकडेच्या चिंचेचे ठिकाण सर्वांना माहीतच आहे, पण याच कामात पुढे चंदन, थोराड साग किंवा घुबडाची ढोली असलेले झाड सापडले तर त्याचे अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर न टाकता नोंदवहीतच ठेवावेत.

मोजणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला करावी. बुंध्याभोवतीचे गवत वाळलेले असते आणि मुळे, खाचा, जुन्या जखमा स्पष्ट दिसतात. घेर कोठे मोजावा याबद्दल शंका आली तर १.३७ मीटरची काठी बुंध्याला टेकवून चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि पाराची उंची येथेच द्यावी. टेप कोठे लावायचा ते फोटोवरून सांगता येईल, वय मात्र सांगता येणार नाही.